कबड्डीपटूंच्या शरीरातील ऑक्सिडेटिव्ह ताण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दमछाक करणाऱ्या खेळात स्नायूंमध्ये ऑक्सिजनपासून अतिक्रियाशील रेणू तयार होतात. ते आवरण्याची शरीराची ताकद अपुरी पडली की ऑक्सिडेटिव्ह ताण निर्माण होतो. ढाणकी-उमरखेड भागात मातीवर रंगणारी कबड्डी हे त्याचे उत्तम उदाहरण: ३० सेकंदांची चढाई, पकडीची झटापट, जरा उसंत, की पुन्हा तेच.

जितका श्वास जास्त, तितके हे रेणू जास्त, असे मानले जाते. प्रत्यक्षात चढाईपटू दम घुमवताना श्वास आत घेतच नाही. यातले बरेच रेणू आकुंचन पावणाऱ्या स्नायूंतील विकरे तयार करतात.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकते त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला दिला जातो. हे आम्ल तासाभरात रक्तातून ओसरते. ठणका लागतो तो पकडीतल्या ओढाताणीने आणि धावता धावता एकदम थांबल्याने. त्यात स्नायूंचे तंतू सूक्ष्म प्रमाणात फाटतात, तिथे पांढऱ्या पेशी जमतात आणि सफाईसाठी स्वतःच असे रेणू सोडतात. फुटबॉलपटूंच्या रक्तात सामन्यानंतर दोन-तीन दिवस या ताणाच्या खुणा आढळल्या आहेत. खुल्या स्पर्धांत एकाच दिवशी लागोपाठ सामने लावणाऱ्या आयोजकांनी हे ध्यानात घ्यायलाच हवे.

सर्वांत पक्का गैरसमज गोळ्यांचा. हे रेणू शत्रूच, म्हणून क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या जितक्या जास्त तितके बरे, असे अनेक प्रशिक्षकही सांगतात. मात्र जर्मनीत झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुणांना चार आठवडे व्यायामासोबत रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले, तेव्हा व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारायचा तो सुधारलाच नाही. कारण हेच रेणू स्नायूंना निरोप देतात: सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटलेज यांसारखी संरक्षक विकरे वाढवा, पेशींतील ऊर्जाकेंद्रे वाढवा. निरोपच दाबला तर सरावाचे फळ कमी होते. आहारातच क जीवनसत्त्व कमी पडत असेल तर ते भरून काढणे मात्र लाभाचे. प्रौढ पुरुषाची रोजची गरज सुमारे ८० मिलिग्रॅम. एका पेरूत ती सहज भागते.

खर्ऱ्याने तरतरी येते, हा समज घातक आहे. खर्ऱ्यातील सुपारी आणि चुना एकत्र आले की तोंडात हेच रेणू तयार होतात, आणि त्यांचा स्नायूंना काहीही उपयोग नसतो.