रेडिओ वाजतो, पण आकडे दिसत नाहीत!

जुन्या मोटारीतील कंपनीचा रेडिओ नीट वाजतो, पण रात्री आकडे दिसत नाहीत, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले तर त्याला लगेच नवा सेट घ्यायला सांगू नये. १९९०च्या दशकातील बऱ्याच सेटमध्ये पडद्यामागे गव्हाच्या दाण्याएवढा १२ किंवा १४ व्होल्टचा बल्ब असतो. बहुधा तोच गेलेला असतो. दिवसा आकडे अंधुक दिसत असतील, तर पडदा शाबूत आहे असे समजावे.

आधी पार्किंग लाइटचा फ्यूज तपासावा. बॅटरीची तार काढण्यापूर्वी मात्र रेडिओचा कोड आहे का, हे विचारावे. होंडा, फोक्सवॅगन यांचे अनेक जुने सेट वीज तुटली की कोड मागतात. कोड नसेल तर वाजता रेडिओ मुका होतो आणि दोष कारागिराच्या माथी येतो.

सेट उघडून २५ वॅटच्या सोल्डरिंगने त्याच व्होल्टचा बल्ब बसवावा. जुन्या बल्बवर रंगीत रबरी टोपी असल्यास ती जपून ठेवावी; आकड्यांचा रंग तिच्यामुळेच येतो. पांढरा एलईडी लावायचा असेल, तर त्याला सुमारे ३ व्होल्ट पुरतात आणि इंजिन चालू असताना येतात सुमारे १४. म्हणून ६८० ओहम, अर्धा वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडावा व प्लस-मायनस पाहावे.

मजुरी आधी सांगावी आणि जळालेला बल्ब गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. खात्री पटलेले गिऱ्हाईक पुन्हा येते.