ई-रिक्षा घेताय? बॅटरीचाही हप्ता धरा



सध्या ग्रामसंघाच्या बैठकीत ई-रिक्षाचा विषय हमखास निघतो. शासनाने २०२४ मध्ये पिंक ई-रिक्षा योजना आणली. त्यात २० टक्के रक्कम शासनाची, १० टक्के आपली आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. योजना मोठ्या शहरांसाठी सुरू झाली, विदर्भात नागपूर आणि अमरावतीसाठी. ते बघून आपल्या ताया विचारतात, "गटातून कर्ज काढून शेगावला, खामगावला किंवा मलकापूरला रिक्षा चालवली तर परवडेल का?"

परवडेल की नाही, हे बरंचसं बॅटरीवर ठरतं. म्हणून आधी बॅटरी समजून घेऊ. मोठ्या दवाखान्यांत आणि विमानतळावर माणसं नेणाऱ्या ज्या छोट्या बॅटरीच्या गाड्या दिसतात, त्यांचंही गणित हेच आहे.

एका चार्जिंगमध्ये गाडी किती चालते?

बऱ्याच ई-रिक्षांमध्ये १२ व्होल्टच्या ४ लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. मिळून ४८ व्होल्ट. प्रत्येक बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल, तर त्यात ४८ गुणिले १०० म्हणजे ४,८०० वॅट-तास, आपल्या लाईट बिलाच्या भाषेत ४.८ युनिट वीज मावते.

पण कणगीतलं सगळंच धान्य आपण खात नाही, बियाण्यापुरतं ठेवतो. बॅटरीतही निदान २० टक्के वीज शिल्लक राहिली पाहिजे. रोज पार शून्यावर नेली तर ती लवकर मरते.

दुकानदार सांगतो ते किलोमीटर नव्या बॅटरीचे आणि सपाट रस्त्याचे असतात. समजा त्याने ७० सांगितले. २० टक्के शिल्लक ठेवले की हातात ५६ उरतात. चढ, खड्डे आणि जास्तीची माणसं यात ते आणखी कमी होतात. कायद्याने ई-रिक्षात चालक सोडून ४ प्रवासी बसवता येतात. पाचवा बसवला तर त्याचं भाडं मिळतं, पण ते बॅटरीच्या आयुष्यातून वजा होतं. राजूर घाटासारखा चढ तर या गाडीसाठी नाहीच.

थंडीत गाडी कमी का पळते?

थंडीत दही लागायला वेळ लागतो ना? दूधही तेच, विरजणही तेच, पण काम सावकाश होतं. बॅटरीच्या आत शिशाच्या प्लेटा आणि ॲसिडचं पाणी यांच्यात जी क्रिया होऊन वीज तयार होते, ती थंडीत अशीच मंदावते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, तेव्हा लेड-ॲसिड बॅटरी साधारण १० टक्के कमी वीज देते. म्हणजे वरचे ५६ किलोमीटर ५० वर येतात. टायरमधली हवाही थंडीत उतरते, त्यामुळे गाडी जड चालते.

घाबरू नका, ही बॅटरी खराब झाल्याची खूण नाही. ऊन वाढलं की किलोमीटर परत वाढतात. उन्हाळ्यातही वाढले नाहीत, तर मात्र बॅटरी तपासून घ्या.

थंडीत एवढं करा:
- संध्याकाळी गाडी घरी आली की बॅटरी कोमट असतानाच चार्जिंगला लावा. रात्रभर गार पडू देऊन पहाटे लावू नका.
- चार्जिंगला नेहमीपेक्षा वेळ जास्त लागतो. पूर्ण होऊ द्या.
- गाडी उघड्यावर न ठेवता आडोशाला ठेवा.
- टायरची हवा दर आठवड्याला तपासा.

खरा शत्रू उन्हाळा

थंडी त्या दिवसाचे किलोमीटर कमी करते, पण उन्हाळा बॅटरीचं आयुष्यच कमी करतो. लेड-ॲसिड बॅटरी सतत १० अंश जास्त गरम राहिली तर तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणून एप्रिल-मे मध्ये उलटं करायचं: गाडी सावलीत लावायची, बॅटरी निवू द्यायची आणि मगच चार्जिंग.

पाण्याकडे लक्ष हवं. प्लेटा कधीही उघड्या पडू देऊ नका. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या तायांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं, कारण खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी बॅटरीत गेलं तर क्षारांनी प्लेटा खराब होतात.

चार्जिंग होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून झोपायच्या खोलीत किंवा चुलीजवळ चार्जिंग नको. ॲसिड अंगावर उडालंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डोळ्यात गेलं तर धुऊन थेट दवाखाना गाठा.

दुसरा हप्ता

आता मुख्य गोष्ट. रोज धावणाऱ्या रिक्षात लेड-ॲसिड बॅटरीचा संच बहुतेक वेळा एक ते दीड वर्षात बदलावा लागतो. कर्ज ३ वर्षांचं असेल, तर ते फिटायच्या आत नवा संच दोनदा घ्यावा लागू शकतो. तेव्हा पैसे नसले की गाडी दारात उभी राहते, कमाई थांबते आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच राहतो. मग सावकाराची पायरी चढावी लागते आणि गटाची परतफेडही अडते.

हिशोब वहीत असा मांडा. समजा नवा संच ४०,००० रुपयांचा आहे आणि तो १५ महिने चालतो. महिन्याला २५ दिवस गाडी चालली, तर ३७५ दिवस झाले. ४०,००० भागिले ३७५ म्हणजे दिवसाला साधारण १०७ रुपये. हे १०७ रुपये आपली कमाई नाहीत, ते बॅटरीचे आहेत. रोज बाजूला काढा, आठवड्याला गटात वेगळ्या नोंदीने जमा करा.

लिथियम बॅटरी महाग असते, पण ती बरीच जास्त वर्षं टिकते, वजनाला हलकी असते आणि तिला पाणी घालावं लागत नाही. दोन्हींचा ३ वर्षांचा एकूण खर्च शेजारी-शेजारी लिहून बघा, मगच ठरवा.

सही करण्याआधी दुकानदाराला विचारा

१. बॅटरी कोणती? वॉरंटी किती महिन्यांची, आणि ती बिलावर लिहून देणार का?
२. नव्या संचाची आजची किंमत किती?
३. जुना संच परत घेताना किती रुपये कमी कराल?
४. दुरुस्ती तालुक्याला होते की अकोल्याला जावं लागतं?
५. आमच्या रस्त्यावर, ४ माणसं बसवून, एक दिवस चालवून दाखवाल का?

पाचवा प्रश्न सोडू नका. जमलं तर ही चाचणी थंडीच्या सकाळी घ्या. त्या दिवशी जेवढे किलोमीटर मिळतील, तेवढेच धरून कमाईचा अंदाज बांधा. ज्या गटात ई-रिक्षाच्या कर्जाची मागणी आली आहे, त्यांनी पुढच्या मासिक बैठकीत बँकेचा हप्ता आणि बॅटरीचा हप्ता असे दोन रकाने आखून हिशोब करावा. दोन्ही भरून घरखर्चाला पैसे उरत असतील, तर ताई, बिनधास्त गाडी घ्या!