‘तकरार’ म्हणजे तक्रार नव्हे : मराठी माणसाचं फारसीचं पहिलं सेमिस्टर

“पीएचडी इतिहासात ना? मग फारसीच्या बिगिनर क्लासला कशाला बसतेस?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्यामागोमाग दुसरा येतो: “आणि मराठीत एवढे फारसी शब्द आहेत, तुला तर सोपंच जात असेल!”

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. माझं काम सतराव्या शतकातल्या दख्खनच्या कागदपत्रांवर आहे. आदिलशाही-निजामशाही काळातले बरेच सरकारी कागद दोन भाषांत असतात: वर फारसी, खाली मोडीत मराठी. खालचा भाग वाचता येतो म्हणून वरचा सोडून दिला, तर आपण अर्धाच कागद वाचतो. दोन्हीकडे शब्दशः तेच लिहिलंय असं गृहीत धरून चालत नाही, ते ताडून पाहावं लागतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांब आहे, आणि ही पोस्ट त्यासाठीच. थोडक्यात सांगायचं तर मराठी मदत करते, पण आपल्याला वाटतं तिथे नाही. शब्दांच्या अर्थासाठी मराठीवर विसंबू नका, शब्दांच्या बांधणीसाठी जरूर विसंबा.

आधी लिपी

फारसीत 32 अक्षरं आहेत. अरबीची लिपी घेऊन तिच्यात प, च, झ (मेझरमधल्या ‘झ’सारखा) आणि ग या उच्चारांसाठी चार अक्षरं वाढवली. उजवीकडून डावीकडे लिहायचं, अक्षरं एकमेकांना जोडायची. सात अक्षरं मात्र पुढच्या अक्षराला हात देत नाहीत. हे सगळं दोन-तीन आठवड्यांत बसतं. ‘ज़’ या एकाच उच्चाराला चार अक्षरं आहेत, ती शब्दागणिक पाठ करावी लागतात.

खरी अडचण वेगळीच आहे: ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. कागदावर फक्त ‘म-र-द’ दिसतं. ते ‘मर्द’ म्हणजे पुरुष की ‘मोर्द’ म्हणजे ‘मेला’, हे वाक्यावरून ठरवायचं. ‘ग-ल’ हे ‘गोल’ वाचलं तर फूल, ‘गेल’ वाचलं तर चिखल. देवनागरीत लिहिलं तसं वाचायची आपल्याला सवय. इथे आधी शब्द माहीत हवा, मग तो वाचता येतो. हे जरा उलटंच वाटतं, पण फारसी शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी न लिहिलेलं वाचायला शिकणं.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

वर्गात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे “तेकरार कोनीद”. मराठी कानाला ते ‘तक्रार करा’ असं ऐकू येतं. अर्थ आहे ‘पुन्हा म्हणा’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पुनरावृत्ती. इकडे त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा बोलणं, वाद, गाऱ्हाणं असा सरकत गेला.

असे शब्द पहिल्याच धड्यांपासून भेटतात. ‘खूब’ म्हणजे चांगलं, आपलं ‘खूप’ नव्हे. ‘दफ्तर’ म्हणजे वही किंवा ऑफिस. मराठीत दप्तर म्हणजे जुनी कागदपत्रं, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पाठीवरची बॅगसुद्धा. ‘शेकस्त’ म्हणजे पराभव, आणि आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो! ‘दबीर’ हे राज्याभिषेकाच्या वेळी ‘सुमंत’ झालेलं पद. आजच्या इराणमध्ये दबीर म्हणजे हायस्कूलचा शिक्षक, आणि ‘दबीरेस्तान’ म्हणजे हायस्कूल.

यात कुणाचंच चुकलेलं नाही. हे शब्द कित्येक शतकांपूर्वी दरबार, लष्कर आणि महसुलाच्या वाटेने मराठीत आले. त्यानंतर मराठी तिच्या वाटेने गेली, इराणची फारसी तिच्या.

गंमत इथपर्यंत ठीक आहे. कागद वाचताना मात्र हे महागात पडतं. ‘मजकूर’ हा शब्द घ्या. आज त्याचा अर्थ लिखाण. मूळ अर्थ ‘उल्लेख केलेला’. जुन्या कागदात ‘मौजे मजकूर’ म्हणजे ‘वर सांगितलेलं गाव’. आजचा अर्थ डोक्यात ठेवून वाचलं तर वाक्यच लागत नाही. म्हणजे फारसीचा हा बिगिनर क्लास मला माझीच जुनी मराठी वाचायला शिकवतो.

मराठी खरी कामाला येते ती इथे

फारसी व्याकरण तसं दयाळू आहे. लिंगभेद नाही. ‘तो’ आणि ‘ती’ दोघांनाही ‘ऊ’. क्रियापद मराठीसारखंच शेवटी. “मन केताब रा मीखानम” म्हणजे ‘मी पुस्तक वाचते’. कर्माला लागणारा ‘रा’ आपल्या ‘ला’ची आठवण करून देतो (तो निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला बरा).

विद्यार्थी अडखळतात ते क्रियापदाच्या दोन धातुरूपांपाशी. प्रत्येक क्रियापदाला भूतकाळासाठी एक रूप, वर्तमानासाठी दुसरं, आणि रोजच्या वापरातल्या अनेक क्रियापदांत दुसरं पहिल्यावरून ओळखता येत नाही. ‘करदन’ (करणे) याचं वर्तमानरूप ‘कोन’. ‘दीदन’ (पाहणे) याचं ‘बीन’. टेक्स्टबुक म्हणतं, पाठ करा.

पण मराठी माणसाकडे ही यादी आधीच आहे. कारकून म्हणजे ‘कार’ (काम) + ‘कुन’, काम करणारा. दूरबीन म्हणजे ‘दूर’ + ‘बीन’, दूरचं पाहणारी. जमीनदारातला ‘दार’ हे ‘दाश्तन’ (बाळगणे) याचं वर्तमानरूप. फडणवीस आणि चिटणीस यांच्यातला ‘नवीस’ हे ‘नेवेश्तन’ (लिहिणे) याचं. जहागीर आणि दिलगीर यांतला ‘गीर’ हे ‘गेरेफ्तन’ (घेणे, धरणे) याचं.

माझा आवडता शब्द बंदोबस्त. ‘बस्तन’ म्हणजे बांधणे. त्याचं वर्तमानरूप ‘बंद’, भूतरूप ‘बस्त’, मधला ‘ओ’ म्हणजे ‘आणि’. दोन्ही धातुरूपं एकाच शब्दात! ‘गुफ्तगू’सुद्धा तसाच: ‘गोफ्तन’ (बोलणे) याची ‘गोफ्त’ आणि ‘गू’ ही दोन रूपं शेजारी शेजारी.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझा सल्ला: वहीच्या शेवटच्या पानावर अशा मराठी शब्दांची फोड लिहीत जा. क्रियापदांचा तक्ता निम्मा तिथेच पाठ होतो.

किल्ले रायगड : एक की अनेक?

फारसीत दोन शब्द जोडायला मधे ‘ए’ येतो. ‘केताब-ए मन’ म्हणजे माझं पुस्तक. याला इजाफत म्हणतात. हा ‘ए’ बोलला जातो, पण बहुतेक वेळा लिहिला जात नाही. वाक्यात कोणता शब्द कुणाला जोडलाय हे कळण्यासाठी तो नेमक्या जागी वाचावा लागतो. जागा चुकली की अर्थ बदलतो.

आता ‘किल्ले रायगड’ आठवा. गड एक, मग ‘किल्ले’ हे अनेकवचन का? तसंच ‘मौजे’ अमुक, ‘कसबे’ तमुक. हा ‘ए’ म्हणजे फारसी इजाफतीची खूण मानली जाते. म्हणजे ती आपण रोज वापरतो, फक्त नावाने ओळखत नाही.

माझ्या संशोधनाचा धागा इथेच आहे. जुन्या मराठी कागदांच्या मायन्यात ‘कारकुनानि हाल व इस्तकबाल’ अशी शब्दावली येते. अर्थ: सध्याचे आणि पुढे येणारे अधिकारी. ‘कारकुनानि’ची फोड बघा. ‘कार’, ‘कुन’, अनेकवचनाचा ‘आन’, आणि शेवटची ‘इ’ म्हणजे इजाफत. पहिल्या सेमिस्टरचं निम्मं व्याकरण एका शब्दात! फारसी लिपीत ही ‘इ’ दिसत नाही, मोडी लिहिणाऱ्याने मात्र ती लिहून ठेवली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ सहसा पाळत नाहीत, पण स्वर ‘इ’ आहे की ‘उ’ एवढं तरी कळतं. दख्खनमध्ये फारसी कशी बोलली जात होती, याचा पुरावा त्यामुळे मराठी मजकुरात सापडतो. फारसी लिपीने जे गाळलं ते मोडीने जपलं. हे दिसायला दोन्ही भाषा थोड्या थोड्या का होईना, यायला लागतात.

एका सेमिस्टरमध्ये काय येत नाही

हे आधीच सांगितलेलं बरं. वर्गात आजच्या इराणची फारसी शिकवतात: केताब, देल, खाने, नामे. आपल्याकडे किताब, दिल, खाना, नामा हे जुने उच्चार टिकले. कान दोन्हींसाठी तयार ठेवावे लागतात.

दुसरं म्हणजे अक्षर. वर्गात सुबक छापील अक्षर असतं, कागदांत बऱ्याचदा ‘शिकस्ता’. नावाचा अर्थच ‘मोडलेली’. नुक्ते गायब, आणि न जोडायची अक्षरंही जोडलेली. तिचा सराव वेगळा करावा लागतो. हिशेबाचे ‘सियाक’ आकडे हा आणखी वेगळा विषय.

तिसरं, तारखा. वर्गात शिकतो यक, दो, से. कागदात सुहूर सन अरबी अंकांत येतो, तोही एकक आधी. ‘सबा सबैन व अलफ’ म्हणजे सात, सत्तर आणि हजार: 1077. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून त्यात महिन्यानुसार 599 किंवा 600 मिळवायचे. इसवी सन 1676-77 येतो.

शब्दांसाठी हाताशी ठेवावा असा ग्रंथ म्हणजे माधवराव पटवर्धन यांचा 1925 मधला फारसी-मराठी कोश. होय, तेच कवी माधव जूलियन. ते कॉलेजात फारसीच शिकवत. आणि दुसऱ्या दिशेने पाहायचं असेल तर शिवकालातला राज्यव्यवहारकोश, जो रोजच्या कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देतो. कोणते शब्द किती रुळले होते याची ती जवळपास यादीच आहे.

मग करावा का हा क्लास?

मध्ययुगीन महाराष्ट्रावर काम करणार असाल तर हो, आणि पीएचडीच्या पहिल्याच वर्षी. एका सेमिस्टरने फर्मान वाचता येणार नाही. पण छापील फारसी मजकूर समोर आला तर क्रियापद कुठे आहे, कोण कुणाला काय करायला सांगतंय, नावं आणि पदं कोणती, हे शोधता येतं. भाषांतरावर शंका आली तर नेमक्या शब्दावर बोट ठेवून जाणकाराला विचारता येतं. आधी आपण फक्त ‘याचा अर्थ काय?’ एवढंच विचारू शकत होतो. आता ‘इथे इजाफत धरायची की नाही?’ असं विचारता येतं, आणि बऱ्याचदा अख्ख्या ओळीचा अर्थ त्याच उत्तरावर ठरतो.

पुढच्या पोस्टमध्ये एक शिकस्ता ओळ घेऊन तिची अक्षरं एकेक करून सोडवू. तोवर तुमच्या आडनावात, गावाच्या नावात किंवा घरातल्या जुन्या कागदात फारसी धातुरूप लपलंय का बघा, आणि सापडलं तर फोड करून पाठवा.