स्कॅनर म्हणतो पेट्रोल कमी, प्लग मात्र काळे, खरं कोण?

गाडीला स्कॅनर लावला तर 'फ्युएल ट्रिम' अधिक २० टक्के, म्हणजे संगणक पेट्रोल वाढवतोय. प्लग काढले तर काजळीने काळे, ॲव्हरेजही घसरलेलं. मग खरं कोण?

दोन्ही खरे. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. सेन्सरच्या आधी नळीला चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. इंजिन मिसफायर करत असेल तर न जळलेला ऑक्सिजन तसाच पुढे येतो. संगणकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी सोडतो.

जादा पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होऊ शकतो, आणि तो महागात पडतो. म्हणून नवा सेन्सर घेण्याआधी नळीची गळती, प्लग आणि कॉईल तपासून घ्या.