स्कॅनरने घेतलेलं कीबोर्डचं रूप

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायोमधल्या ट्रॉय गावी, मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पाकीट बारकोडवरून विकलं गेलं. तिथला स्कॅनर बिलाच्या यंत्रणेचाच भाग होता. त्याने वाचलेलं कुठे जाणार, हे आधीच ठरलेलं होतं. अडचण आली ती स्कॅनर साध्या संगणकाला जोडायची वेळ आल्यावर.

त्यावर निघालेली तोड मला आजही अत्यंत कल्पक वाटते. कीबोर्ड आणि संगणक यांच्या मध्ये एक छोटा डबा बसवायचा. स्कॅनरने वाचलेला कोड तो कळा दाबल्यासारखा पुढे पाठवी. ‘कीबोर्ड वेज’ हे त्याचं नाव. सॉफ्टवेअरला हात लावायची गरजच नव्हती. १९९६ साली यूएसबी आलं आणि पुढे डबा गेला, पण रीत टिकली. आजही बहुतेक स्वस्त स्कॅनर संगणकाला आपली ओळख कीबोर्ड म्हणूनच देतात.

याचा त्रास मराठीत टाइप करणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. स्कॅनर अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली एवढंच सांगतो. अक्षर संगणक ठरवतो. इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्ड-मांडणी चालू राहिली, तर पुस्तकावरच्या बारकोडातली ‘एमएच’ ही रोमन अक्षरं पडद्यावर ‘शफ’ होऊन उमटतात आणि ग्रंथालयाच्या नोंदीत ते पुस्तक सापडतच नाही. फ्रेंच कीबोर्डवर आकड्यांसाठी शिफ्ट लागते, त्यामुळे अमेरिकी मांडणीवरचा स्कॅनर तिथे आकड्यांऐवजी चिन्हं टाकतो.

उपाय हळूहळू आले. पुस्तिकेतले सेटिंगचे बारकोड स्कॅन करून देशाची मांडणी, शेवटचं एंटर किंवा टॅब बदलता येऊ लागलं. कळा येण्याच्या वेगावरून स्कॅनर ओळखायची युक्तीही चालली, पण ती भरवशाची नाही. खरा बदल विंडोज एक्सपीतल्या ‘रॉ इनपुट’ने केला: कळ कोणत्या उपकरणातून आली, हे प्रोग्रामला कळू लागलं. लिनक्सवर तर प्रोग्राम स्कॅनर स्वतःपुरता राखून ठेवू शकतो. कोड भलत्या खिडकीत पडत नाही.

२०१५ मध्ये टेन्सेंट कंपनीच्या संशोधकांनी टोकियोत या रीतीतला धोका दाखवला. कोड १२८ या प्रकारच्या बारकोडात कंट्रोल अक्षरंही बसतात. नुसत्या छापील बारकोडांनी त्यांनी संगणकावर आज्ञा चालवल्या.

म्हणून नवं काउंटर मांडणाऱ्यांना विनंती: सॉफ्टवेअरला चालत असेल, तर स्कॅनर कीबोर्डऐवजी सीरियल मोडवरच ठेवा. नसेल, तर कंट्रोल अक्षरं पाठवणं तरी आधी बंद करा.