रात्र किती वाजता होते?

दिवाळीच्या दिवसांत नागपुरात सूर्य साडेपाच ते पावणेसहाच्या सुमारास बुडतो. मुंबईत त्यानंतरही पंचवीस-तीस मिनिटं ऊन रेंगाळत असतं. राज्य एक, घड्याळ एक, पण रात्र विदर्भात आधी येते, आणि कायद्याला याच्याशी कर्तव्य आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कुणी घर फोडून शिरलं, तर दुसरा इलाज नसल्यास स्वसंरक्षणाचा हक्क त्याचा जीव घेण्यापर्यंत जातो. तीच घरफोडी उजेडात झाली तर केवळ घरफोडी म्हणून हा हक्क तिथवर जात नाही. 1860 च्या दंड संहितेतही माप सूर्याचंच होतं. खुद्द इंग्लंडने मात्र घरफोडीसाठी 1837 सालीच घड्याळ धरलं होतं, रात्री 9 ते सकाळी 6.

आपल्याकडेही घड्याळाची रात्र आहे, पण ती आवाजासाठी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे 10 ते 6. वस्तीत दिवसा 55 डेसिबल चालतात, रात्री 45, आणि आवाजाचे फटाके या वेळात मुळीच नाहीत. म्हणजे नरकचतुर्दशीला पहाटे पाचला, घरात उटणं लावून अंघोळी चालल्या असताना अंगणात लावलेली लड नियमाच्या दृष्टीने मध्यरात्रीचीच. आपल्या लेखी दिवस उजाडायच्या आत फटाका वाजला नाही तर ती दिवाळी कसली! पुढची गंमत अशी की नोव्हेंबरच्या आरंभी नागपुरात सूर्योदय सव्वासहाला होतो. सहाला आवाजाची रात्र संपते, सूर्याची आणखी पंधरा मिनिटं चालूच राहते. जूनमध्ये नेमकं उलटं: साडेपाचला सूर्य वर, कर्ण्याला मात्र सहापर्यंत बंदी.

सूर्यावर मोजल्या जाणाऱ्या आणखी एका रात्रीचा उगम थेट नागपुरात आहे, आणि इथल्याच फार थोड्यांना तो ठाऊक असावा. 1993 साली नागपूर पोलिसांच्या ताब्यातल्या एका माणसाचा मृत्यू झाला. त्याच्या पत्नीचा पोलिसांनी विनयभंग केल्याचीही तक्रार होती. ख्रिश्चन कम्युनिटी वेल्फेअर कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नुकसानभरपाईचा विचार केलाच, वर आदेश दिला की महिला पोलीस हजर असल्याशिवाय स्त्रीला अटक नको, आणि सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत तर कोणत्याही परिस्थितीत नको. राज्य सरकारला हे जड वाटलं. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश सैल केला: महिला पोलीस मिळत नसेल किंवा उशिरामुळे तपास अडत असेल, तर कारण नोंदवून रात्रीही अटक करता येईल. पण नागपूरचा मुद्दा विरला नाही. 2005 च्या दुरुस्तीने तो फौजदारी प्रक्रिया संहितेत आला. अपवाद असेल तरच रात्री अटक, तीही महिला अधिकाऱ्याने, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये आहे. अंधारात पोलिसांची गाडी दाराशी थांबली तर बाईने कुणाला हाक मारायची, हा प्रश्न ज्या शहरात उभा राहिला, तिथूनच देशाला नियम मिळाला.

शवविच्छेदनाच्या बाबतीत गाडी उलट दिशेने गेली. सूर्यास्तानंतर ते करायचं नाही ही जुनी रीत केंद्राने नोव्हेंबर 2021 मध्ये सोडली. खून, आत्महत्या, बलात्कार यांसारखी प्रकरणं मात्र सहसा दिवसासाठीच राखली.

कामाची रात्र आणखी वेगळी. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि परत फिरत. सगळं गाव झोपलेलं, विमानतळ जागा. त्याच वर्षी अमलात आलेला कारखाने कायदा बायकांना संध्याकाळी सातला घरी पाठवत होता. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ही रेषा साडेनऊवर आहे. त्यानंतर सकाळी सातपर्यंत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता आणि घरापर्यंतच्या वाहनाची सोय मालकाने करायची. वाहनाचं बघता येतं: गाडी आली की नाही ते गेटवरचा रखवालदारही सांगेल. संमतीचं काय? रात्रपाळीला नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात नोकरी राहील का, हे फॉर्मवर सही करताना तिला कुणी सांगत नाही.