अमिलॉइडता, त्वचीय

अमिलॉइडता, त्वचीय : अमिलॉइड या तंतुमय व अविद्राव्य (न विरघळणाऱ्या) प्रथिनाचा त्वचेत संचय होण्याला ही संज्ञा लावतात. ‘अमिलॉइड’ म्हणजे स्टार्चसारखे. आयोडिनाशी होणाऱ्या विक्रियेवरून रूडोल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये हे नाव वापरले. हा पदार्थ स्टार्च नसून प्रथिनमय असल्याचे १८५९ मध्ये दिसून आले, तरी चुकीचे नाव टिकून राहिले. काँगो रेड या रंजकाने रंगविलेला ऊतकाचा छेद ध्रुवित प्रकाशात पाहिल्यास अमिलॉइड हिरवे चमकते. ही खूण सर्व प्रकारांत सारखीच असते. मूळ प्रथिन मात्र निरनिराळे असते आणि रोग्याच्या दृष्टीने तेच निर्णायक ठरते.

सर्वसामान्य प्रकारांत हे प्रथिन बाह्यत्वचेच्या पेशींतील केराटिनापासून बनते. नडगीवर खाजणारे कठीण पुरळ किंवा पाठीच्या वरच्या भागावर लहरींसारखे तपकिरी डाग दिसतात. ॲटोपिक त्वचाशोथासारख्या दीर्घकालीन खाजेच्या विकारांत हे आढळते. नायलॉनच्या घासणीने अंग घासण्याच्या सवयीशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. डाग मळाचे समजून ते अधिक घासणे अर्थातच अपायकारक होय. आतील इंद्रियांना यात धोका नसतो.

गाठींच्या स्वरूपाचा प्रकार विरळा आहे. त्यात स्थानिक प्लाविका कोशिका प्रतिपिंडांच्या हलक्या शृंखला निर्माण करतात व त्यांचेच अमिलॉइड बनते. अश्रू व लाला ग्रंथींवर आघात करणाऱ्या श्यग्रेन लक्षणसमूह या आत्मप्रतिरक्षा रोगाशी त्याचे साहचर्य आढळते. थोड्या रोग्यांत पुढे सर्वांगीण अमिलॉइडता उद्भवू शकत असल्याने दीर्घकाळ देखरेख आवश्यक असते.

याउलट संधिवाताभ संधिशोथ, क्षय, कुष्ठरोग यांसारख्या दीर्घकालीन शोथांत यकृतात तयार होणारे सीरम अमिलॉइड ए हे प्रथिन रक्तात वाढते आणि त्याचा संचय मुख्यतः वृक्क (मूत्रपिंड) व प्लीहा यांत होतो. त्वचा बहुधा निर्दोष दिसते. तरीही पोटाच्या त्वचेखालील चरबी सुईने काढून तपासल्यास अमिलॉइड सापडू शकते. म्हणजे दिसणारा डाग बहुधा निरुपद्रवी, तर न दिसणारा संचय घातक, अशी ही विपरीत स्थिती आहे. अशा रोग्याच्या मूत्रात प्रथिन आढळल्यास वृक्कांची तपासणी लांबणीवर टाकू नये.

चिकित्सा : स्थानिक प्रकारांत खाज थांबविणे हाच मुख्य उपाय असून त्यासाठी स्टेरॉइडयुक्त मलमे वापरतात. शोथजन्य प्रकारात मूळ रोग आटोक्यात आणून रक्तातील प्रथिनाचे प्रमाण उतरवावे लागते. गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. ती पुन्हा उद्भवण्याचा संभव असतो.